सावलीच्या हिशेबाने: इंदिरानगरच्या परसबागेतल्या हिवाळी तयारीच्या नोंदी

५ ऑक्टोबर २०२४, शनिवार

मागचा जुना बंगला पाडून तिथे यंदा इमारत उभी राहिली. खाली पार्किंग, वर दोन मजले. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात तिची अडचण वाटली नाही. नाशिक २० अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे मे ते जुलै सूर्य माथ्यावरच असतो. आता तो दक्षिणेकडे कलायला लागलाय आणि इमारत नेमकी दक्षिणेलाच आहे. म्हणून यंदा बियाण्याची यादी बाजूला ठेवली आणि आधी ऊन मोजायला घेतलं.

दुपारी साडेबाराच्या सुमारास (नाशकात सूर्य खरा डोक्यावर येतो तो बारानंतरच) चार फुटांची काठी अंगणात उभी केली. सावली बावीस इंच पडली. त्याच वेळी इमारतीची सावली चौदा फूट होती. त्रैराशिक मांडलं, इमारतीची उंची निघाली तीस फूट. तिच्या भिंतीपासून आमच्या कंपाउंडपर्यंत दहा फूट मोकळी जागा आहे, म्हणजे आज सावली आमच्या हद्दीत चारच फूट येते.

आता डिसेंबरचं गणित. २१ डिसेंबरला सूर्य विषुववृत्ताच्या साडेतेवीस अंश दक्षिणेला असतो. नव्वदातून वीस आणि साडेतेवीस वजा केले की साडेशेचाळीस अंश उरतात. दुपारी सूर्य एवढाच वर येणार. पंचेचाळीस अंशाला सावली वस्तूच्या उंचीइतकी असते, हे शाळेतलंच. तेव्हा नाशकासाठी सोपा नियम असा: डिसेंबरात भर दुपारची सावली जवळपास उंचीएवढी. तीस फुटी इमारतीची अठ्ठावीस फूट. त्यातले दहा गेले की आमच्या अंगणात अठरा फूट.

घराच्या मागच्या भिंतीपासून कंपाउंडपर्यंत अंगण पंचवीस फूट आहे. म्हणजे डिसेंबरात दुपारचं ऊन मिळणार ते घराला लागून असलेल्या सात फुटांच्या पट्ट्याला. बाकीच्या जागेला सकाळी इमारतीच्या पूर्वेच्या कडेवरून थोडं आणि तीननंतर पश्चिमेकडून थोडं.

हे आजच कळलं ते बरं झालं. ऑक्टोबरात अख्खं अंगण उन्हाने भरलेलं दिसतं आणि फुलकोबी कुठेही लावावीशी वाटते.

६ ऑक्टोबर, रविवार

साफसफाई. दोडक्याचा वेल, संपलेली भेंडी, गवार उपटली. आघाडा आणि गाजरगवत बी धरायच्या आत काढलं; गाजरगवताला फूल आलं असेल तर ते खतात टाकायचं नाही, त्यातून पुढच्या वर्षीची पेरणीच होते. भेंडीच्या मुळांवर गाठी नव्हत्या, म्हणजे सूत्रकृमी (मुळांत शिरणारे बारीक किडे) नाहीत. असत्या तर त्या वाफ्यात टोमॅटो लावला नसता.

वांग्याची झाडं ठेवली. जुलैची लागवड आहे, अजून भरात आहेत, आणि चंपाषष्ठीला घरचीच वांगी लागतात.

जमीन पाहिली. वरची सहा-आठ इंच काळी माती आम्ही बाहेरून आणून टाकलेली, खाली बिल्डरने भर घातलेला मुरूम. पावसाने काळी माती चोपून बसलीय. वरून कोरडी दिसते, टिकाव मारला की आत चिकट. अशा मातीत लगेच खणलं तर ढेकळं होतात आणि ती वाळली की विटेसारखी कडक. मूठभर माती दाबून वरून टाकायची: फुटली तर खणायचं, गोळाच राहिला तर थांबायचं. आज गोळाच राहिला.

त्यामुळे फक्त पाण्याला वाट करून दिली. कंपाउंडच्या कडेने एक चर काढला. काम संपलं.

९ ऑक्टोबर, बुधवार

बियाणं आणलं. मेथी, धने, पालक (ऑल ग्रीन), मुळा (पुसा चेतकी), गाजर, वाटाणा (अर्केल), रब्बी कांदा. लसणाच्या कुड्या गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातून, मोठ्या पाकळ्यांच्या निवडून. फुलकोबी-टोमॅटोची रोपं नंतर नर्सरीतून. दहा-बारा रोपांसाठी घरी गादीवाफा करण्यात अर्थ नाही.

दुकानदाराने 'थंडीपासून बचाव' म्हणून पांढरं कापड दाखवलं. नको म्हटलं. मोबाईलवर हिवाळी बागेबद्दल जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक दिल्ली-पंजाबकडचं किंवा थेट परदेशातलं. कंद काढून घरात ठेवा, झाडं झाका, बाग झोपवा. आपल्याकडे उलटं आहे. बाग इथे जागी होते ती दसऱ्यानंतर, आणि होळीपर्यंत चालते. भाजीला हवी तशी थंडी नाशकात फुकट मिळते, ती झाकून काय करायचं?

१३ ऑक्टोबर, रविवार

दसरा काल झाला. दारावरचे झेंडू उतरवून त्यातलीच चांगली फुलं बियांसाठी वाळत टाकली.

आज छाटणीचा दिवस. घराच्या नैऋत्य कोपऱ्यातून द्राक्षाचा एक वेल वर गच्चीवर मांडवावर चढवलाय. त्याचं ऊन शाबूत आहे, इमारतीची सावली तिथवर पोचत नाही. सासरी निफाड तालुक्यात भाऊजींची द्राक्षबाग आहे, तेव्हा या एका वेलाच्या छाटणीलाही फोनवर देखरेख असते.

आई म्हणाल्या, "पाऊस गेल्याशिवाय कात्री लावू नको गं. कोवळ्या फुटीवर पाणी पडलं की डाऊनी आलाच समज."

"आई, दोन झाडांच्या बागेला एवढा विचार?"

"एक असो का एकर असो, रोग मोजून येतो का?"

नाशिकची द्राक्षशेती दोन छाटण्यांवर चालते. एप्रिलमधली खरड छाटणी काडी तयार करायला, ऑक्टोबरातली गोडी छाटणी घड आणायला. ऑक्टोबरात काडीवर सहा ते दहा डोळे राखून शेंडा मारतात. घड नक्की कितव्या डोळ्यात आहे हे बागायतदार काड्या प्रयोगशाळेत देऊन तपासून घेतात. आम्ही आठ राखले आणि सोडून दिलं. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून शेतावर हायड्रोजन सायनामाईडचा बोळा फिरवतात. ते औषध विषारी आहे, हातमोज्यांशिवाय त्याला कुणी शिवत नाही. घरच्या वेलाला ते अजिबात नको, चार डोळे मागेपुढे फुटले तर काही बिघडत नाही. छाटणीपासून चार-सव्वाचार महिने धरले तर फेब्रुवारीच्या मध्याला गोडी भरेल.

छाटणीच्या जखमांसाठी बोर्डो केलं. घरच्या मापाने एक टक्का: अर्ध्या लिटर पाण्यात दहा ग्रॅम मोरचूद, दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये दहा ग्रॅम चुना, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यात आणि मग दोन्ही धारा एकदम तिसऱ्या भांड्यात. लोखंडी विळा बुडवून पाहायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद जास्त आहे, चुन्याची निवळी आणखी घालायची. केलेलं त्याच दिवशी संपवायचं. हे मिश्रण मुळात द्राक्षाचंच. फ्रान्समध्ये बोर्दोच्या रस्त्याकडेचे द्राक्षवेल लोकांनी तोडून खाऊ नयेत म्हणून बागायतदार त्यांवर मोरचूद-चुन्याचा निळा रंग मारत, आणि त्या वेलांना केवडा, म्हणजेच डाऊनी रोग, कमी येतो हे मिलार्डे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने हेरलं. १८८५ मध्ये त्याने ते प्रसिद्ध केलं. आपल्याकडे पिंपळगावपासून सांगलीपर्यंत द्राक्षाच्या गावात बोर्डो माहीत नसलेला माणूस मिळायचा नाही.

गुलाबही आज. कुंड्यांमधले गुलाब कंपाउंडलगत होते, म्हणजे डिसेंबरात भर सावलीत. छाटले आणि गच्चीवर नेले. वाळक्या, बारीक, आत वळलेल्या काड्या पूर्ण काढल्या, जाड काड्यांवर बाहेरच्या बाजूच्या डोळ्याच्या पाव इंच वर तिरका काप. कुंडीची वरची दोन-तीन इंच माती उकरून मुळं दोन दिवस उघडी ठेवली, नंतर शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घालून बुजवायची. छाटल्यापासून साधारण दीड महिन्याने फूल येतं, म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटी. मोगलांच्या काळात या शहराचं नाव गुलशनाबाद होतं. नवरा दर वर्षी हे सांगतो आणि कुंड्या मात्र मी उचलते.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

परतीचा पाऊस. काल कोजागिरीचं दूध गच्चीवर ठेवता आलं नाही. वेलाचे डोळे अजून फुगलेलेच आहेत, फुटलेले नाहीत, म्हणून निर्धास्त. भाऊजींनी अर्ध्या बागेची छाटणी आधीच उरकली होती, ते रोज फवारतायत.

२० ऑक्टोबर, रविवार

माती फुटली. खणलं.

दर वाफ्यात कुजलेलं शेणखत दोन घमेली, निंबोळी पेंड, थोडी राख. गाजराच्या वाफ्यात खत घातलं नाही. ताज्या किंवा अर्धवट कुजलेल्या खतात गाजराला दोन-तीन फाटे फुटतात. तिथे फक्त रेती मिसळून माती एक फूट खोल भुसभुशीत केली. गाजर मुरमाला टेकलं की तिथेच थांबतं, म्हणून वाफा वर उचलून घेतला.

मग चुन्याची फक्की घेऊन अंगणात रेघा मारल्या. कंपाउंडपासून मोजत साडेसात फुटांवर आजची दुपारची सावली. साडेबारा फुटांवर १० नोव्हेंबरची. अठरा फुटांवर २१ डिसेंबरची. शेजारचे काका भिंतीवरून बघत होते. म्हणाले, "कबड्डीचं मैदान आखताय का?"

रेघांवरून पिकं ठरली ती अशी. कंपाउंडलगतच्या सावलीत हळद, आलं आणि अळू आहेतच. त्यांना हिवाळ्यात वाढायचंच नसतं. साडेसात ते साडेबारा फुटांच्या पट्ट्यात मेथी: महिन्याभरात काढणीला येते, सावली तिच्यावर पुरती चढते तोवर ती काढणीच्या जवळ आलेली असते. त्याच्या पुढे पालक आणि कोथिंबीर, ती तीन-चार तासांच्या उन्हावरही चालतात, फक्त जरा हळू. मुळा बरोबर मधल्या कडेला, पंचेचाळीस दिवसांचा गडी. आणि घरालगतच्या सात फुटांत ज्यांना भरपूर ऊन लागतं ते: टोमॅटो, फुलकोबी, वाटाणा, गाजर, लसूण. जागा थोडी, उमेदवार फार. वाटाण्याला भिंतीलगत जाळी लावून वर चढवला, त्याने जमीन वाचली. अर्केल बुटका आहे, दोन फुटांची जाळी पुरते.

कोथिंबिरीचे धने चप्पल घालून जमिनीवर हलके रगडले, म्हणजे प्रत्येकाच्या दोन फाका होतात. पालकाचं बी रात्रभर भिजवलेलं. मेथी तशीच फोकली. पेरलं त्यावर बारदान अंथरून झारीने पाणी. ऑक्टोबरच्या उकाड्याचा एक फायदा असतो, बी पटकन उगवतं. हेच बी डिसेंबरात टाकलं तर मातीत गपगार पडून राहतं. म्हणून आमच्याकडच्या हिवाळी बागेचं नव्वद टक्के काम घामाघूम होऊन करायचं असतं.

२७ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीची साफसफाई एकीकडे, हे एकीकडे. मेथी तिसऱ्या दिवशी वर आली होती, मुळा पाठोपाठ. बारदान उगवण दिसताच काढलं. एक दिवस उशीर झाला तरी कोंब पिवळे लांबतात. कोथिंबीर अजून नाही, ती आठ-दहा दिवस घेतेच.

फुलकोबीची आणि टोमॅटोची रोपं लावली, संध्याकाळी, उन्हं उतरल्यावर. फुलकोबी दीड-दीड फुटांवर. लसूण: पाकळ्या सुट्या करून, टोक वर, चार बोटं अंतर, वर जेमतेम इंचभर माती. आतल्या बारीक पाकळ्या लावायच्या नाहीत, त्या फोडणीला.

कांद्याचं बी गच्चीवर एका क्रेटमध्ये टाकलं. दीड-पावणेदोन महिन्यांनी रोप लावणीला येईल, आणि त्याची जागा आज रिकामी नाही. ती नंतर होईल.

४ नोव्हेंबर, सोमवार

भाऊबीज काल आटोपली. पाहुण्यांसोबत आलेल्या पोरांनी मुळ्याच्या वाफ्यात एक किल्ला बांधून ठेवलाय, त्यावर मावळ्यांसकट मोहरी पेरलेली. वाफ्याची एक बाजू गेली, पण मोहरी छान उगवलीय, तिची भाजी होईल.

मुळ्याची आणि गाजराची विरळणी केली. हे काम लोक टाळतात, रोप उपटायला जीव होत नाही. दाट राहिलं तर पाल्याचं रान होतं आणि खाली बोटाएवढी मुळी. मुळ्याला चार इंच, गाजराला दोन-तीन इंच.

शेवंतीकडे आज नीट बघितलं. पूर्वेच्या कठड्यावर एकाच जातीच्या कुंड्या, एकाच दिवशी शेंडे खुडलेल्या. आतल्या बाजूच्या कुंड्या कळ्यांनी भरल्यात. गेटजवळच्या दोन नुसत्या हिरव्यागार, एक कळी नाही. पाणी, खत, माती सगळं तेच. फरक रस्त्यावरच्या दिव्याचा. शेवंतीला कळी धरायला लांब, अखंड अंधारी रात्र लागते. रात्र मोठी झाली की ती फुलायच्या तयारीला लागते. गेटजवळ एलईडीचा उजेड पहाटेपर्यंत असतो, त्या दोन झाडांच्या लेखी अजून ऑगस्टच चालू आहे. दोन्ही कुंड्या उचलून घराच्या आडोशाला नेल्या. दिवसा ऊन, रात्री काळोख. पॉइन्सेटियाचंही असंच असतं, नाताळपर्यंत पानं लाल व्हायची असतील तर ते आताच अंधारात न्यायला हवं. तेही नेलं.

हिवाळ्याच्या तयारीत आपण थंडी-थंडी करतो. मला तर यंदा प्रत्येक ठिकाणी उजेडच आडवा येतोय.

१७ नोव्हेंबर, रविवार

तुळशीचं लग्न झालं. आता तुळस हलवायला हरकत नाही. मंजिऱ्या सगळ्या खुडल्या, त्या ठेवल्या की झाड बी धरून म्हातारं होतं. वृंदावनातली आहे तिथेच. कुंडीतली दुसरी घराच्या दक्षिण भिंतीला टेकवली. ही भिंत दिवसभर तापते आणि रात्री ऊब सोडत राहते. तिथेच ओवा, गवती चहा, मनी प्लांट, पपईचं लहान रोप यांची रांग लावली. या मंडळींना थंडी सोसत नाही.

कढीपत्त्याचं खत बंद केलं. अडेनियमचं पाणी जवळजवळ बंद. पानं गळतील, गळू द्यायची, तेव्हा ओलं राहिलं तर खोड सडतं. हळदीची पानं पिवळी पडतायत, तिचंही पाणी तोडलं, पाला पुरता वाळला की जानेवारी-फेब्रुवारीत काढणी. पुढच्या अंगणातल्या आंब्याला होळीपर्यंत पाणी द्यायचं नाही. ताण बसला तरच मोहोर येतो, पाणी दिलं की नुसती पालवी.

मेथीची पहिली जुडी निघाली. सावलीची रेघ आज चौदा फुटांच्या आसपास, गणिताप्रमाणे. मेथी सगळीच काढून टाकली, पाठोपाठ काही पेरलं नाही. तो तुकडा खणून, शेणखत घालून, रिकामा ठेवला.

३ डिसेंबर, मंगळवार

गेल्या आठवड्यात थंडी चांगली पडली होती, ती पळाली. पुदुच्चेरीजवळ आलेल्या फेंगल चक्रीवादळाचे ढग इथवर. दोन दिवस ऊन नाही, हवा दमट. असं आभाळ आलं की नाशिक जिल्ह्यात प्रत्येक घरात एकच विषय, द्राक्षं. भाऊजींचा फोन संध्याकाळी लागलाच नाही, ते ट्रॅक्टरवर.

इथे मावा. गुलाबाच्या नव्या शेंड्यांवर आणि फुलकोबीच्या पानांमागे हिरवट दाणे. आधी पाण्याची जोराची धार, त्याने निम्मा पडतो. मग निंबोळी अर्क: पन्नास ग्रॅम निंबोळ्यांची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर, सकाळी फडक्यातून गाळून, चिमूटभर साबणचुरा. फवारणी सूर्य कलल्यावर, पानाच्या खालच्या अंगाने. पानावर लेडीबर्ड भुंगेरे दिसले त्या दोन झाडांना हात लावला नाही. त्यांचं ते जेवण आहे.

ढग गेले की भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, येईल. कोरडी थंड हवा, दव नाही, तेव्हा ती सर्वांत आधी वाटाण्यावर. पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, आणून ठेवलंय.

७ डिसेंबर, शनिवार

चंपाषष्ठी. आईंनी चातुर्मासापासून कांदा-वांगं सोडलेलं, आज सुटलं. भरताची वांगी परसातली. कांद्याची पात बाजारातून आणावी लागली, लसणाची पात मात्र घरची; दहा झाडांची एकेक पात खुडली. जास्त खुडलं तर कुडी भरत नाही. बाजरीचे रोडगे, तळी भरली, येळकोट झाला.

फुलकोबीचे गड्डे लिंबाएवढे. आतलीच दोन मोठी पानं वर मोडून गड्ड्यावर टोपी केली. ऊन लागलं की गड्डा पिवळा पडतो आणि मोकळा होतो. एवढ्या ओढाताणीने ऊन मिळवून दिलं आणि शेवटी त्याच्यापासूनच झाकलं, यावर नवरा हसला. पानाला ऊन हवं, गड्ड्याला नको.

१५ डिसेंबर, रविवार

थंडी परत, आणि आता खरी. बागेतल्या थर्मामीटरवर पहाटे नऊ. निफाडला याहून कमी असणार. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा पेपरात येतो आणि आम्हा सासर-माहेरच्या सगळ्यांचा दिवस त्यावर सुरू होतो. थंडीच्या लाटेत तिथे पारा पाचाच्याही खाली जातो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमिनीची ऊब सरळ आभाळात जाते, थंड झालेली जड हवा उतरत उतरत नदीकाठच्या सखल रानात साठते. शहरात भिंती आणि डांबर दिवसा तापलेलं असतं, त्याने दोन-तीन अंश वाचतात.

गावाकडे पहाटे बागेत शेकोट्या आणि ठिबकचं पाणी चालू. विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं, आणि ओल्या मातीत उष्णता जास्त मावते. परसातही तेच तत्त्व, लहान मापात: थंडीची रात्र दिसली की दुपारीच पाणी, म्हणजे माती ओली असताना ऊन खाते. रात्री उशिरा पानांवर पाणी मारायचं नाही.

आच्छादनाबद्दल एक गोष्ट. वाळका पाला मातीवर जाड पसरला की ओल टिकते, हे खरं. पण तो दिवसा ऊन मातीत शिरू देत नाही आणि रात्री मातीची ऊब वर रोपापर्यंत येऊ देत नाही. म्हणून कोवळ्या टोमॅटोच्या बुडाशी सध्या पाला नाही, आच्छादन फेब्रुवारीपासून. नऊ अंशांनी आमच्या भाज्यांचं काही बिघडत नाही. टोमॅटोची फळधारणा थांबते इतकंच, आहेत ती फळं हिरवी लटकत राहतात. गाजर आणि लसूण मात्र खुशीत.

२१ डिसेंबर, शनिवार

साडेबाराला काठी. चार फुटांची सावली पंचेचाळीस इंच. इमारतीची आमच्या हद्दीत अठरा फुटांना दोन बोटं कमी. चुन्याची रेघ पुसट झालीय पण आहे. टोमॅटो उन्हात, पालक सावलीत.

पंचांगातलं उत्तरायण संक्रांतीला, १४ जानेवारीला. सावली मात्र उद्यापासूनच आखडायला लागेल. पहिले आठ-दहा दिवस जेमतेम काही इंच, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. वर चढताना जेवढी घाई केली तेवढीच ती उतरताना करणार: १० नोव्हेंबरला जिथे होती तिथे १ फेब्रुवारीच्या आसपास परत येईल.

या हिशेबावर कांद्याची जागा ठरवली होती.

२२ डिसेंबर, रविवार

कांदा लावला. मेथीच्या रिकाम्या तुकड्यात, म्हणजे आज दुपारच्या पूर्ण सावलीत. काकांना ते पटलं नाही. पण लावणीनंतरचे पहिले पाच-सहा आठवडे रोप मुळं धरण्यात आणि चार पाती काढण्यात घालवतं, त्याला सकाळ-संध्याकाळचं ऊन पुरतं. गड्डा पोसायला लागतो तो दिवस मोठा झाल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि तोवर या तुकड्यावर ऊन परत आलेलं असेल. घरालगतच्या पट्ट्यात कांद्याला जागा केली असती तर गाजर किंवा लसूण गेला असता.

रोपं क्रेटमधून काढली, पेन्सिलीएवढी जाड झालेली तेवढीच निवडली. फार जाड रोपांना थंडीत डेंगळे (फुलांचे दांडे) येतात, फार बारीक असतील ती मरतात. पातीचा वरचा तिसरा भाग कापला, मुळं ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीच्या पाण्यात बुडवून घेतली. चार इंचांवर ओळी, रोप उभं, पांढरा भाग तेवढाच मातीत. लासलगावच्या मार्केटात जिथे ट्रॅक्टरने कांदा उतरतो त्या जिल्ह्यात शंभर रोपांची लावणी म्हणजे थट्टाच. आईंना फोटो पाठवला, त्यांनी लगेच फोन केला.

"वाफा सपाट नाही गं तुझा. त्या कोपऱ्यात पाणी साचेल."

कोपरा खुरप्याने उतरता करून घेतला. लावणीचं पाणी दिलं. आंबवणी, म्हणजे लावणीनंतरचं दुसरं पाणी, बुधवारी, ती दुपारच्या आत उरकायची.